छतातील दिवे : डोळ्यांस सुख देणारा प्रकाश कसा निवडावा?

स्मरणिकेत शाळाशिक्षकाने लिहावयाचे म्हणजे शिक्षण, शिस्त, संस्कार यांपैकी एखाद्या विषयावर, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आम्ही मात्र या खेपेस घराच्या छतात बसविलेल्या दिव्यांविषयी लिहिण्याचे योजिले आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या प्रकाशात मुले अभ्यास करतात, ज्यात घरातील बायामाणसे तांदूळ निवडतात आणि सुरी चालवितात, आणि ज्याच्या भरवशावर वृद्ध माणूस रात्री उठून पाऊल टाकते, तो प्रकाश नीट असणे वा नसणे ही क्षुल्लक बाब खचित नव्हे. शिवाय एकदा छताला भोके पाडून दिवे बसविले की ते सहजासहजी हलविता येत नाहीत. चूक झाली तर ती वर्षानुवर्षे डोक्यावर राहते. म्हणून आपल्या ट्रस्टच्या ज्या कुटुंबांनी नवे घर घेतले आहे, किंवा जुन्याची डागडुजी काढली आहे, त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

छत खाली आले, दिवा वर गेला

बेळगावातील शहापूर, टिळकवाडी या भागांतील जुनी कौलारू घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आठवत असेल की तेथे दिवा आढ्यापासून तारेने लोंबत असे किंवा भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर बसविलेला असे. पिवळा बल्ब असो की पुढे आलेली ट्यूब असो, त्याचा उजेड चहूकडे फाके. भिंती उजळत, वरची कौले उजळत, आणि त्यांवरून परतलेला मऊ उजेड खोलीभर पसरे.

आता आपण सदनिकांत राहू लागलो. स्लॅबखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे किंवा जिप्समचे दुसरे छत घालून त्यात गोल वा चौकोनी दिवे बसविण्याची रीत घरोघर आली. दिसावयास ती नीटनेटकी असते, जळमटे लागत नाहीत, डोक्यास लागत नाही. परंतु एक मूलभूत फरक लक्षात ठेवला पाहिजे. असा दिवा उजेड फक्त खाली टाकतो. छत स्वतः अंधारे राहते, भिंतींच्या वरच्या भागासही फारसा उजेड मिळत नाही. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पाचसहा झगझगीत ठिपके, असे दृश्य डोळ्यांपुढे येते. डोळ्याची बाहुली एकाच वेळी अंधारास मोठी आणि ठिपक्यास लहान होऊ शकत नाही. या ओढाताणीतून जो त्रास होतो त्यास आपण चकाकी किंवा दिपणे म्हणतो. छतातील दिव्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

वृद्धांचे डोळे

हा त्रास तरुणांपेक्षा वृद्धांना कितीतरी अधिक होतो, आणि त्याची कारणे शरीरशास्त्रात आहेत. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते, डोळ्यातील भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. वीस वर्षांच्या तरुणाच्या नेत्रपटलावर जेवढा उजेड पोहोचतो त्याच्या सुमारे एकतृतीयांश उजेडच साठीतील माणसाच्या नेत्रपटलावर पोहोचतो, असा नेत्रतज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वृद्धांना उजेड अधिक हवा. पण त्याच वेळी गढूळ भिंगामुळे आत शिरलेला उजेड विखुरतो, आणि झगझगीत दिवा समोर असला तर सगळे दृश्यच धुक्यासारखे होते. थोडक्यात, वृद्धांना उजेड जास्त हवा आणि चकाकी मात्र कमी हवी. केवळ मोठ्या वॉटचा दिवा आणून हे दोन्ही साधत नाही, उलट बिघडते.

आमच्या ओळखीच्या एका घरी असेच घडले. नव्या सदनिकेच्या बैठकीत छतभर शुभ्र दिवे बसविले. घरातील आजी हळूहळू बैठकीत येईनाशा झाल्या. आलेगेलेले ओळखू येत नाहीत, म्हणत. सून म्हणे, "आई आता माणसांना कंटाळल्या." मुलगा म्हणे, "नजर गेली." नेत्रवैद्याकडे नेले, तेव्हा थोडा मोतीबिंदू निघाला, पण शस्त्रक्रियेची घाई नाही, असे त्यांनी सांगितले. मग घरातल्या कोणाच्या तरी लक्षात आले की आजींच्या खुर्चीसमोरचे दोन दिवे थेट त्यांच्या डोळ्यांत येतात, आणि समोर बसलेल्याचा चेहरा त्यांना नुसता काळा दिसतो. ते दोन दिवे बंद ठेवले, उरलेल्यांच्या जागी खोल बसणारे पिवळसर दिवे घातले, आणि भिंतीजवळ एक उभा दिवा ठेवला. आजी पुन्हा चारचौघांत बसू लागल्या. आम्ही हे सांगतो ते एवढ्यासाठी की, घरातील वृद्ध माणूस कोपरा धरून बसू लागले, तर त्याच्या स्वभावाकडे बोट दाखविण्यापूर्वी एकदा नेत्रवैद्याकडे जावे आणि एकदा छताकडेही पाहावे.

वॉट म्हणजे उजेड नव्हे

आता निवडीकडे वळू. दुकानात आपण "नऊ वॉटचा द्या" असे म्हणतो. परंतु वॉट हे वीज किती खर्च होते त्याचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेडाचे माप ल्युमेन होय, आणि ते वेष्टनावर छापलेले असते. पूर्वीचा साठ वॉटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० ते ८०० ल्युमेन उजेड देई, आणि त्यास लागणाऱ्या विजेपैकी शेकडा नव्वदांहून अधिक भाग नुसत्या उष्णतेत जाई. आजचा चांगला नऊ वॉटचा एलईडी बल्ब तेवढा किंवा थोडा अधिकच उजेड देतो.

ही किमया ज्या निळ्या प्रकाशाच्या एलईडीमुळे साधली, तिच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशाच्या कणावर पिवळ्या चमकद्रव्याचा थर दिला की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड मिळतो. हा थर कसा आहे, यावर उजेडाची प्रत ठरते. त्याविषयी पुढे सांगतो. आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, आणि हा दिवा गरिबांच्या घरीही पोहोचला. बचत तर घडली. आता डोळ्यांच्या सुखाचा विचार करण्यास हरकत नाही.

किती ल्युमेन घ्यावेत, याचा हिशेब सातवीतील मुलासही करता येईल. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला तर त्यास एक लक्स म्हणतात. बैठकीच्या खोलीस १०० ते १५० लक्स, स्वयंपाकाच्या ओट्यास सुमारे ३००, आणि वाचनाच्या जागी ३०० ते ५०० लक्स असावेत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. समजा खोली १० फूट गुणिले १२ फूट आहे, म्हणजे १२० चौरस फूट, अर्थात सुमारे ११ चौरस मीटर. १५० लक्ससाठी ११ गुणिले १५०, म्हणजे १,६५० ल्युमेन कामाच्या जागी पोहोचले पाहिजेत. भिंती आणि सामान काही उजेड गिळतात. शंभरातले साठ पोहोचतात असे धरले, तर सुमारे २,७५० ल्युमेन लागतील. म्हणजे ७०० ल्युमेनचे चार दिवे पुरेत. कंत्राटदार याच खोलीत आठदहा भोके पाडण्याचा आग्रह धरील, तेव्हा हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. भिंती गडद रंगाच्या असतील तर थोडा उजेड वाढवावा, पांढऱ्या असतील तर कमीही चालेल.

पिवळा की पांढरा?

उजेडाच्या रंगछटेचे माप केल्विन या एककात देतात. लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडले. येथे एक गमतीची उलटापालट आहे. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर, आणि आकडा जितका मोठा तितका निळसर. मेणबत्तीची ज्योत सुमारे १,९०० केल्विनची, जुना तारेचा बल्ब सुमारे २,७०० चा, आणि दुपारचे ऊन साडेपाच हजारांच्या आसपास. बाजारात मुख्यत्वे चार छटा मिळतात : २,७०० आणि ३,००० या पिवळसर, ज्यांस दुकानदार वॉर्म व्हाइट म्हणतो, ४,००० ही मधली, नॅचरल व्हाइट, आणि ६,५०० ही निळसर पांढरी, जी कूल डेलाइट नावाने विकली जाते.

आपल्याकडे पुष्कळांना पांढरा शुभ्र उजेड म्हणजेच चांगला उजेड असे वाटते. ट्यूबलाइटची सवय हे त्याचे एक कारण, आणि पिवळा दिवा म्हणजे गरिबीची खूण ही जुनी समजूत दुसरे. परंतु छतातील दिव्यांचा उजेड एकवटून खाली येत असल्यामुळे निळसर पांढरी छटा रात्री फार बोचते. याला शास्त्रीय आधारही आहे. नेत्रपटलात दृष्टीच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी स्वतः प्रकाशास प्रतिसाद देतात, हे डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले. या पेशी विशेषेकरून निळ्या उजेडाने जाग्या होतात आणि मेंदूस "अजून दिवस आहे" असा निरोप पाठवितात. त्यामुळे झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य उशिरा तयार होते. रात्री दहा वाजेपर्यंत शुभ्र दिव्याखाली बसलेल्या मुलास अंथरुणात पडल्यावर झोप येत नाही, याचे एक कारण हे असू शकते. घरगुती दिव्याने डोळे जातात, अशी भीती मात्र कोणी बाळगू नये; येथे प्रश्न सुखाचा आणि झोपेचा आहे.

म्हणून आमचा साधा नियम असा : बैठक, शयनगृह आणि जेवणाची जागा यांसाठी २,७०० ते ३,०००, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अभ्यासाची जागा यांसाठी ४,००० पर्यंत. एकाच खोलीत निरनिराळ्या छटा मिसळू नयेत. अर्धी खोली आजारी आणि अर्धी निरोगी दिसते. रमजानात सहरीसाठी पहाटे उठणाऱ्या, किंवा कार्तिकात काकडआरतीस जाणाऱ्या घरांत तर मंद पिवळ्या दिव्याचे महत्त्व अधिकच. काम झाले की ज्यांना तासभर पुन्हा आडवे व्हावयाचे असते, त्यांची झोप शुभ्र उजेडाने मोडू नये.

रंग खरा दिसतो का?

दोन दिवे सारख्याच छटेचे असूनही एकाखाली टोमॅटो तांबडाबुंद दिसतो आणि दुसऱ्याखाली मळकट. हा फरक रंगदर्शनाच्या गुणांकाचा आहे. वेष्टनावर तो सीआरआय या अक्षरांनी छापलेला असतो. पूर्ण गुण १००. जुना तारेचा बल्ब जवळजवळ शंभर गुण मिळवी. बाजारातील बहुतेक एलईडी दिवे ८० च्या आसपास असतात, आणि चांगले ९० वा अधिक. स्वस्त दिव्यांत तांबड्या रंगाची उणीव विशेष असते, कारण मूळ प्रकाश निळा आणि वरचा थर पिवळा. अशा दिव्याखाली इरकली साडीचा लाल पदर विटल्यासारखा दिसतो, शिवणकामात धाग्याचा रंग जुळत नाही, आणि घरातील माणसांचे चेहरे फिकट, आजारी भासतात. ताप आलेल्या मुलाचा चेहरा पाहून आई निदान करते. तिला खरा रंग दिसावयास हवा. स्वयंपाकघर, आरशाची जागा आणि बैठक येथे तरी ९० गुणांचा दिवा घ्यावा. किंमत थोडी अधिक पडते, पण ती वाया जात नाही.

उजेडाचा झोत आणि दिव्याची जागा

छतातील दिव्याचा उजेड किती पसरतो, हे त्याच्या झोताच्या कोनावर अवलंबून असते. छत ९ फुटांवर आणि मेज अडीच फुटांवर आहे असे धरू; मधले अंतर साडेसहा फूट. २४ अंशांचा झोत मेजावर सुमारे पावणेतीन फूट व्यासाचे वर्तुळ उजळतो, ३६ अंशांचा सव्वाचार फूट, आणि ६० अंशांचा साडेसात फूट. अरुंद झोत एखाद्या चित्रावर किंवा पुस्तकांच्या कपाटावर शोभतो. माणसांवर टाकला तर कपाळ उजळते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. राहत्या खोलीसाठी ६० ते ९० अंशांचा झोत सोयीचा. पसरट पांढऱ्या तावदानाचा दिवा सगळीकडे उजेड टाकतो खरा, पण तो छताच्या पातळीत असल्यामुळे कोठूनही डोळ्यांत येतो.

चकाकी टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे दिव्याचे तोंड भोकात खोलवर असणे. तीन इंच व्यासाच्या भोकात तोंड दोन इंच आत असेल, तर सरळ नजरेपासून सुमारे ३४ अंश वर पाहीपर्यंत ते दिसतच नाही. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे चार फूट उंचीवर धरले, तर ९ फुटी छतातील असा दिवा साडेसात फुटांपलीकडे असताना त्याचे तोंड डोळ्यांस लागत नाही. याउलट सपाट दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकासही टोचत राहतो. आतील कडा काळी किंवा मंद रंगाची असेल तर आणखी चांगले. चकचकीत पत्र्याची कडा स्वतःच दुसरा दिवा होऊन बसते.

जागेविषयी तीन गोष्टी सांगतो. पहिली, पलंगावरील उशीच्या बरोबर वर दिवा कधीही ठेवू नये. आजारी माणूस आणि तान्हे मूल यांची नजर नेमकी तेथेच जाते. दुसरी, दिवे खोलीच्या मधोमध न गोळा करता भिंतींपासून दोन ते अडीच फुटांवर ठेवावेत, म्हणजे भिंती उजळतात आणि खोली मोकळी व मऊ वाटते. तिसरी, काम करणाऱ्याच्या पाठीमागे दिवा असू नये. आमच्या वर्गातील एका मुलाची वही आम्ही नेहमी तिरकी लिहिलेली पाहत असू. घरी गेलो तेव्हा कळले की त्याचे मेज भिंतीस लागून आणि छतातील दिवा त्याच्या पाठीमागे. स्वतःच्या डोक्याची सावली चुकविण्यासाठी बिचारा अंग वाकडे करून लिहीत असे. डाव्या बाजूस एक मेजदिवा ठेवल्यावर अक्षर आणि पाठ दोन्ही सरळ झाली. डाव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी दिवा अर्थातच उजवीकडे हवा. स्वयंपाकाच्या ओट्याचेही तसेच; वरच्या फळीखाली एक पट्टीचा दिवा लावला की सुरीवर सावली पडत नाही. बारीक टाइपातील पोथी असो की जेरजबरांनी भरलेले कुराणशरीफ असो, वाचनासाठी छतातील दिव्यावर विसंबून न राहता जवळचा दिवा वापरावा.

न दिसणारी लुकलुक

आपली वीज सेकंदास ५० फेऱ्यांची. त्यामुळे साध्या रचनेच्या दिव्याचा उजेड सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांस ते प्रत्यक्ष जाणवत नाही, पण काही माणसांना त्याने डोके दुखते, डोळे शिणतात, वाचताना ओळ सुटते. एलईडीच्या पाठीमागे ड्रायव्हर नावाची पेटी असते. ती चांगली असेल तर लुकलुक जवळजवळ नाहीशी होते, हलकी असेल तर तीव्र राहते. परीक्षा सोपी आहे. दिव्याखाली पेन्सिल झपाझप हालवावी. तिची एक अखंड पुसट छटा दिसली तर ठीक. अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा घेऊ नये. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तरी तोच अर्थ.

उजेड कमी करण्याचे बटण, म्हणजे डिमर, बसवावयाचे असेल तर वेष्टनावर डिमेबल असे छापलेलाच दिवा घ्यावा. नाहीतर तो फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. जुन्या छतात बारा व्होल्टचे हॅलोजन असतील आणि त्यांच्या जागी एलईडी घालावयाचे असतील, तर वायरमनला मागील ट्रान्सफॉर्मरही तपासावयास सांगावे. पन्नास वॉटसाठी बनविलेला ट्रान्सफॉर्मर पाच वॉटच्या दिव्यावर पुष्कळदा नीट चालत नाही आणि दिवा लुकलुकतो.

उष्णता आणि सुरक्षितता

एलईडी थंड असतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा. त्याचा उजेड पुढे गरम लागत नाही, पण त्यास दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक भाग उष्णतेतच जातो आणि ती पाठीमागून बाहेर पडते. छतात ती कोंडली तर ड्रायव्हरमधील भाग लवकर निकामी होतात. वेष्टनावर २५,००० तास आयुष्य लिहिलेले असते. रोज पाच तासांनी ते सुमारे पावणेचौदा वर्षे भरतात. प्रत्यक्षात दिवा दोन वर्षांत गेला, तर पुष्कळदा दोष कोंडलेल्या उष्णतेचा असतो. म्हणून दिव्याच्या पाठीमागे हवेस जागा ठेवावी, त्यावर कापूस, थर्मोकोल वा कागद टाकू नये, आणि बंद डब्यात वापरू नये अशी सूचना असलेला बल्ब तेथे घालू नये. लाकडी किंवा प्लास्टिकच्या छतात जुने हॅलोजन अद्याप असतील तर ते आधी काढावेत. ते अतिशय तापतात आणि आगीचा धोका असतो. बचतही पाहा : पन्नास वॉटचे सहा हॅलोजन रोज पाच तास लावले तर महिन्यास ४५ युनिटे, सात वॉटचे सहा एलईडी लावले तर सव्वासहा युनिटांच्या आसपास.

साधा गोल बल्ब खोल डब्यात घातला तर त्याचा बराच उजेड डब्यातच जिरतो; तेथे पुढे झोत टाकणारा बल्बच घ्यावा. होल्डर पिनेचा की आट्यांचा, हे घरून पाहून जावे. ज्या दिव्यात बल्ब वेगळा नसतो, त्यांचा ड्रायव्हर तरी सुटा बदलता येण्याजोगा असावा, आणि खरेदीच्या वेळीच एकदोन दिवे जादा आणून ठेवावेत. पुढे तीच छटा आणि तोच आकार मिळेलच असे नाही. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आणि बल्बवर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांची पट्टी पाहून घेणे हे तर आलेच.

शेवटची विनंती

सर्व दिवे एकाच बटणावर घेऊ नयेत. निदान दोन बटणे ठेवावीत, म्हणजे पाहुणे आले तर सर्व आणि एरवी निम्मे लावता येतात. शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर, गुडघ्याखालच्या उंचीवर, एक अगदी मंद पिवळा दिवा अवश्य ठेवावा. रात्री वृद्ध माणसे पडतात ती पुष्कळदा अंधारामुळे, आणि काही वेळा एकदम लागलेल्या झगझगीत दिव्याने दिपल्यामुळेही. खुब्याचे हाड मोडल्यावर लागणाऱ्या खर्चापुढे आणि यातनेपुढे या दिव्याची किंमत ती काय?

भोके पाडण्यापूर्वी एक प्रयोग करावा. निवडलेला एकच दिवा विकत आणावा, वायरमनकडून तात्पुरता छतापाशी धरवून रात्री लावावा, आणि घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसास त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून विचारावे, "डोळ्यांना लागतो का?" त्यांनी नाही म्हटले तरच पुढे जावे. घर कंत्राटदार बांधतो, छत कारागीर सजवितो. पण त्या छताखाली राहावयाचे असते आपल्या माणसांना. ट्रस्टच्या सर्व कुटुंबांच्या घरी असा सौम्य आणि पुरेसा उजेड नांदो, ही सदिच्छा.